थांबण्याची निमित्ते

सरकारी चाकरीतून नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या मनुष्याच्या पदरात उपदान, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि निरोपाच्या दिवशीचे शाल-श्रीफळ यथासांग पडले, तरी त्याच दिवशी त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली जाते, जिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती म्हणजे दिवसांचे माप. माझी सारी हयात महसूल खात्यात गेली. आमचे वर्ष पाडव्याला सुरू होत नसे आणि जानेवारीतही होत नसे. ते १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपे, आणि पीकपाहणी, जमाबंदी, वसुलीचे तगादे व मार्चअखेरची रात्रंदिवसाची धांदल यांनी त्याचे असे ठळक खंड पाडलेले असत की, आपण वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर उभे आहोत हे डोळे मिटूनही सांगता यावे. निवृत्तीनंतर हे सारे टप्पे एकाएकी बुजून गेले. सोमवार आणि शुक्रवार यांत भेद उरला नाही, आणि ज्या मोकळ्या वेळाची वर्षानुवर्षे आस धरली होती तो हाती आला तेव्हा त्याला काठच नाही, असे वाटू लागले.

अशा काळात पुण्यातील ज्या मंडळाने मला आपल्यात घेतले, त्याला नाव नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही आणि बसभाड्यापलीकडे वर्गणीही नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे ठरल्या जागी जमावे, शहरातील किंवा शहराबाहेरील एखादे स्थळ पायी हिंडून पाहावे, बरोबर आणलेले वाटून खावे आणि उन्हे तापण्याच्या आत घरी परतावे, एवढाच त्याचा शिरस्ता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो. एक माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. टपाल खात्यातील तात्या. बँकेतील एक रोखपाल व त्यांच्या पत्नी. आणि आयुष्यभर रुग्णशुश्रूषा केलेल्या एक बाई, ज्यांना आजही सगळे सिस्टर म्हणूनच हाक मारतात, ही त्यातली जुनी माणसे. महिन्यातून एकदाच का, असे मी प्रारंभी विचारीत असे. आता विचारीत नाही. बागेत रोज सकाळी भेटणारी माणसे एकमेकांच्या इतकी अंगवळणी पडतात की, संभाषण प्रकृती आणि राजकारण या दोन विषयांच्या बाहेर पडत नाही, आणि वर्षातून एकदा निघणाऱ्या यात्रेत ओळखी जुळेपर्यंत परतीची वेळ होते. महिन्याच्या अंतरात मात्र सांगण्यासारखे थोडे साठते आणि मागचे विसरण्याइतका काळ लोटत नाही. दर नोव्हेंबरात आम्हां निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मनुष्य अद्याप आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. तो कसा आहे, हा त्या कागदाचा विषय नव्हे. हा दुसरा प्रश्न मला या रविवारांत विचारला जाऊ लागला, आणि तोही शब्दांनी नव्हे, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या आम्ही चढत होतो. अर्ध्या वाटेवर तात्यांचे बोलणे तुटक होऊ लागले, आणि मी मागे वळून पाहणार तोच सर्वांच्या शेवटी चालणाऱ्या सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "अण्णा, सारसबागेच्या जागी पूर्वी तळं होतं ना हो? मला एकदा नीट दाखवा बरं, कुठून कुठवर होतं ते." अण्णा थांबले, त्यांच्याबरोबर आम्ही सारे थांबलो, आणि खाली पसरलेल्या झाडीकडे हात करून ते सांगू लागले की, हे तळे नानासाहेब पेशव्यांच्या काळचे, मधल्या बेटावर गणपती बसवला म्हणून तो तळ्यातला गणपती, आणि पुढे तळे आटवून तेथे बाग केली. हे सर्व ऐकताना तात्या बाजूच्या कठड्यावर हात टेकून उभे होते. सिस्टरांची नजर बागेकडे नव्हती. ती त्या कठड्यावरच्या हाताच्या नखांवर होती. नखांचा रंग त्यांना हवा तसा दिसला असावा, कारण थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "हं, कळलं. चला आता." तळ्याची ती हकीकत त्यांनी अण्णांच्या तोंडून यापूर्वी कितीदा तरी ऐकलेली होती, हे मला नंतर इतरांकडून समजले. तात्यांना मात्र कोणी थकलात का म्हणून विचारले नाही, आणि त्यांनाही कोणाला काही सांगावे लागले नाही.

तेव्हापासून मी आमच्या मंडळाचे थांबे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. वेताळ टेकडीच्या चढावर मुख्याध्यापिकाबाई एखाद्या साळईच्या बुंध्याशी उभ्या राहतात आणि तिची साल कागदासारखी कशी सुटते, तिच्या डिंकाचा धूप कसा होतो, हे सावकाशीने समजावतात. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाटीत ही मूळची झाडे कशी मागे पडली याचे त्यांना मनापासून दुःख आहे, आणि ते दुःख व्यक्त होईपर्यंत रोखपालांच्या पत्नीचा गुडघा निवतो. कात्रजच्या तळ्यापाशी अण्णांना कोणी विचारायचाच अवकाश, की तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नेलेल्या दगडी नळाची सारी रचना ते उलगडतात: पाणी केवळ उताराच्या बळावर कसे आणले, गाळ खाली बसावा आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास कसे बांधले, आणि पेठांतील हौदांतून ते पाणी रयतेला कसे मिळाले. अण्णांनी हयातभर कालव्यांच्या पाण्याचे वाटप सांभाळले असल्यामुळे, पेशवाईतील त्या अनाम कारागिरांविषयी ते बोलतात तेव्हा स्वतःच्याच खात्यातील पूर्वीच्या अधिकाऱ्यांचा गौरव करावा, तसा त्यांचा स्वर होतो. या शहरात मी इतकी वर्षे राहिलो, त्याच्या जमिनींचे फेरफार मंजूर केले, त्याच्या हद्दींचे तंटे ऐकले. पण पुण्याविषयी मला आज जे काही ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे कोणाच्या तरी दमलेल्या छातीला उसंत मिळावी म्हणून सांगितले गेलेले आहे. यामुळे त्या ज्ञानाचे मोल मला कमी वाटत नाही, उलट अधिकच वाटते.

काही जागी निमित्ताची गरजही पडत नाही. नदीकाठाने लकडी पुलापाशी आलो की, पावले आपोआप मंदावतात, कारण आमच्यातील बहुतेकांचे बालपण ज्या पेठांत गेले तेथे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी शिरले होते, आणि कोणी वाड्याच्या माडीवरून, कोणी पर्वतीकडे धावताना वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला तो दिवस प्रत्येकाला पुनःपुन्हा सांगावासा वाटतो. पर्वतीवरही अशी एक जागा आहे. वर देवदेवेश्वराचे दर्शन घेऊन, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने जेथून पाहिली असे सांगतात तेथून शहर न्याहाळून, आम्ही नानासाहेबांच्या स्मृतिस्थानाशी येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव गेले, आणि २३ जूनला येथे पर्वतीवर नानासाहेबांनी देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा अवघे ४० होते. शाळेत हा मजकूर आम्ही पाठ केला होता तेव्हा पेशवा म्हणजे कोणी वयोवृद्ध पुरुष वाटे. आज आम्ही सत्तरीच्या आगेमागे असलेली माणसे त्या जागी उभी राहतो, तेव्हा आपल्या मुलाच्या वयाचा एक मनुष्य पुत्रशोकाने खचलेला डोळ्यांपुढे येतो. आमच्यातील एका गृहस्थांचा कर्ता मुलगा काही वर्षांपूर्वी गेला. ते येथे नेहमी थोडे मागे राहतात. त्यांना कोणी हाक मारीत नाही आणि कोणी पुढेही जात नाही; सिस्टर थर्मास उघडून चहा ओतू लागतात, आणि ते आले की त्यांच्या हाती पेला देतात.

चाकरीच्या दिवसांतही मी पुष्कळ चाललो आहे. खात्यात त्याला फिरती म्हणत, आणि तिची रोजनिशी वरिष्ठांकडे पाठवावी लागे. शिवारात जाताना पुढे साहेब, त्यांच्या खांद्याशी तलाठी, मागे पाटील आणि सर्वांच्या मागे कागदांचे बासन घेतलेला कोतवाल, असा क्रम असे, आणि सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या पायाने सगळ्यांची गती ठरे. कोतवालाचे वय किती, त्याच्या पायात वहाण आहे की नाही, याचा त्या गतीशी संबंध नसे; ती व्यवस्थाच तशी होती, आणि कामाचा उरक पाहता तिला तिचे कारणही होते. आमच्या मंडळात हा क्रम नेमका उलटा आहे. येथे शेवटचा मनुष्य गती ठरवतो, आणि तसे करीत आहोत हे त्याला जाणवू न देण्याची जबाबदारी बाकीच्यांवर असते. मला वाटते, हुद्दा उतरल्यानंतरच मनुष्याला चालण्याची ही दुसरी रीत शिकता येते. पण ती आपल्या समाजाला अपरिचित मुळीच नाही. आषाढी वारीला निघालेली माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाटाच्या वाटेला लागते, तेव्हा आम्हीही तिच्याबरोबर हडपसरच्या विसाव्यापर्यंत चालतो. त्या अफाट समुदायात म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन ज्या शांतपणाने पावले टाकतात, त्याचे रहस्य माझ्या मते त्या वाटेच्या आखणीत आहे: न्याहारी, विसावा, मुक्काम हे सर्व पूर्वजांनी चालण्याच्या बरोबरीने नेमून दिलेले आहे, आणि बसणाऱ्याला तेथे कमीपणा नाही.

म्हणूनच गेल्या वर्षी उद्भवलेला एक प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. नुकतेच निवृत्त झालेले एक उत्साही गृहस्थ मंडळात आले. अंगाने सडसडीत, आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड झपाट्याने चढून जाणारे, आणि आमची चाल पाहून प्रामाणिकपणे अस्वस्थ झालेले. त्यांनी सुचवले की, चालणाऱ्यांचे दोन गट करावेत. ज्यांना झेपते त्यांनी पायवाटेने गड चढावा, ज्यांना झेपत नाही त्यांनी मोटारीने वर यावे, आणि पिठले-भाकरीच्या वेळी सर्वांनी एकत्र बसावे. सूचना व्यवहार्य होती आणि तिच्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. तरीही मी तिला विरोध केला, आणि आजही तो माझा आग्रह आहे. दोन गट झाले की दुसऱ्या गटाला नाव पडते. नाव पडले की त्यात जाण्याचा दिवस प्रत्येकजण पुढे ढकलू पाहतो. आणि ढकलता येईनासा झाला की तो तिसऱ्याच मार्गाने, म्हणजे घरी राहून, सुटका करून घेतो. चालता न येणाऱ्यांपेक्षा मागे पडण्याच्या संकोचाने येणे सोडलेली माणसे मी अधिक पाहिली आहेत. बरीच चर्चा होऊन असे ठरले की, गड चढायचा असेल त्यांनी तो आपापल्या सवडीने अन्य दिवशी चढावा. दुसरा रविवार एकत्र चालण्याचा.

ते गृहस्थ रागावून सोडून जातील अशी मला भीती होती. पुढच्या महिन्यात आम्ही मळवलीला लोकलने उतरून भाज्याच्या लेण्यांना गेलो. तेथील पायऱ्यांवर ते एकटेच बरेच पुढे गेलेले होते. मग वरून त्यांनी आमच्याकडे पाहिले, कोण कोठे आहे ते निरखले, आणि तसेच खाली उतरून आले. चैत्यगृहातील अष्टकोनी खांब आतल्या बाजूला कललेले का, हा प्रश्न त्यांनी अण्णांना तेथेच, वाटेत, लेणे दिसण्याच्याही आधी विचारला. अण्णांनी सांगितले की, लाकडी इमारतीत छपराचा भार तोलण्यासाठी खांब तसे कलते उभारीत, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दगड कोरणाऱ्यांनी तीच ठेवण इमानाने खडकात उतरवली. उत्तर लांबले. तात्या एका पायरीवर बसून ते ऐकत होते. सिस्टर त्या वेळी शेवटी नव्हत्या, मध्ये चालत होत्या. शेवटी कोणीतरी आहे याची त्यांना खात्री पटली असावी.

या पावसाळ्यात तात्यांना रुग्णालयात राहावे लागले आणि दोन रविवार ते आले नाहीत. आता घरातल्या घरात हिंडू लागले आहेत. पायऱ्या मात्र वैद्यांनी वर्ज्य सांगितल्या आहेत. त्यामुळे पुढच्या दुसऱ्या रविवारी जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराला जायचे ठरले. रिक्षा फाटकापर्यंत जाते, आवारात झाडांची सावली आहे, आणि आठव्या शतकात एकाच खडकातून कोरून काढलेले ते देऊळ पाहायला चढ असा लागत नाही. तात्यांना आणण्याचे काम रोखपालांनी पत्करले आहे. इतक्या थोड्या अंतरात थांबण्यासारखे काय काय आहे याची चौकशी करायला ते सिंहगडवाले गृहस्थ परवा माझ्याकडे येऊन गेले. बोलता बोलता त्यांनी एका चिठ्ठीवर टिपून घेतले की, नंदीच्या वर्तुळाकार मंडपाचे खांब अण्णांना मोजायला सांगायचे, आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी राष्ट्रकूटांविषयी बाईंना विचारायचे.