मान खाली घ्या, सर

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या गावात तीन माणसांना मान वर करायला फुरसत मिळत नाही. शिंप्याला, सोनाराला आणि न्हाव्याला. पैकी शिंप्याची आणि सोनाराची मान कामावर झुकलेली असते. न्हाव्याची गोष्ट निराळी. त्याच्यापुढे मान झुकते ती गिऱ्हाइकाची! तहसीलदार असो, सावकार असो, नाही तर आमच्यासारखा शाळामास्तर असो. त्याने मागून दोन बोटे नुसती टेकवली की भल्याभल्यांची हनुवटी छातीला लागते. एवढा मान दुसऱ्या कोणत्या धंद्याला मिळत असेल असे मला वाटत नाही. आणि एवढा अपमानही. पण ते मागाहून सांगतो.

मी या गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षणाने नुसता मॅट्रिक. चित्रकलेच्या परीक्षांच्या जोरावर मास्तर झालो आणि रिकाम्या वेळाच्या जोरावर कादंबरीकार! गेल्या वर्षी नवरात्रात एका संध्याकाळी मी माझ्या नव्या कादंबरीच्या नायिकेला तिसऱ्या प्रकरणातून बाहेर कसे काढावे या विवंचनेत बसलो होतो. इतक्यात दारात एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण येऊन उभा राहिला. हातात एक लांबट वही. मी त्याला ओळखले आणि मनात जरा चरकलो. तो माझा जुना विद्यार्थी. बाजारपेठेच्या टोकाला ज्यांचे दुकान आहे त्या नानांचा मुलगा. आठ-नऊ वर्षांत तो माझ्या घराची पायरी चढला नव्हता, आणि का चढला नव्हता हे मला ठाऊक होते.

"सर, कोल्हापूरला केस कापायचा आणि रंगवायचा कोर्स करतोय," तो म्हणाला. "हाताचं काम येतं. पण लेखी परीक्षाही आहे. शब्द पाठ होईनात. त्यात सगळे कोन आणि रंगच आहेत. कोन आणि रंग तुम्ही शिकवले होते, म्हणून आलो."

मी वही उघडली. आजवर मी समजत होतो की केस कापायला एक कात्री, एक कंगवा आणि गावच्या बातम्या एवढ्या सामग्रीवर भागते! पाहतो तो पहिल्याच पानावर डोक्याचा नकाशा. भूगोलात जिल्हे रंगवतात तसे डोक्याचे भाग पाडलेले, आणि त्यांना 'सेक्शन' असे नाव. त्याखाली 'एलिव्हेशन'. हा शब्द मी घराच्या आराखड्यावर वाचला होता. इथे त्याचा अर्थ, केसांची बट डोक्यापासून किती अंशांत उचलून कापायची. मुळीच न उचलता, शून्य अंशात, कापली तर सगळे केस एका रेषेत येतात. ४५ अंशांच्या आसपास उचलून कापली तर उतार पडतो. त्याचे नाव 'ग्रॅज्युएशन'. ९० अंशांत किंवा त्याहून वर नेली तर थरावर थर बसतात, ते 'लेयर'. मी आयुष्यभर कोनमापक घेऊन मुलांच्या मागे लागलो, पण हा कोनमापक डोक्यावर चालतो हे मला कुणी सांगितले नव्हते!

एका पानावर त्याने एक चित्र चिकटवले होते. कानापुढे दोन आणि मानेवर तीन टोके असलेला एक ठाशीव केशसंभार. १९६४ साली लंडनच्या विडाल ससूनने तो कापला. लहानपणी काही वर्षे अनाथालयात काढलेला हा माणूस चौदाव्या वर्षी कात्रीच्या धंद्यात उमेदवार म्हणून शिरला. पुढे त्याने जर्मनीतल्या बाउहाउस संप्रदायाच्या वास्तुकलेपासून धडा घेतला आणि केसांना इमारतीसारखा आकार दिला. २००९ साली ब्रिटनने त्याला सी.बी.ई. हा किताब दिला. २०१२ साली तो वारला.

"आणि हे 'टेन्शन' म्हणजे?" मी विचारले. आमच्या शाळेत हा शब्द परीक्षा आणि पगार या दोनच संदर्भांत ऐकू येतो.

तो प्रथमच हसला. "कापताना बट किती ताणून धरायची ते. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो. कानापाशी ताणून कापला तर वाळल्यावर भलताच वर जातो. नाना सांगतात ना, कानापाशी केस धरू नको, नुसता विचार."

मी चपापलो. नुसता विचार! म्हणजे विंचर. वहीतल्या अर्ध्या पानाच्या व्याख्येचे काम नानांनी दोन शब्दांत उरकले होते. मग मला छंदच लागला. मी वहीतला शब्द वाचावा आणि त्याने नानांचा शब्द सांगावा. 'नेप' म्हणजे मानेचा खळगा. 'काउलिक' म्हणजे भोवरा. भोवऱ्याच्या उलट्या अंगाने आखूड कापले की केस उभे राहतात, हे नाना फार दिवसांपासून सांगत आले आहेत. एका बाबतीत मात्र बापलेकांची मौज झाली होती. कापताना केसांत पायऱ्या पडल्या तर नाना शिकाऊ पोराच्या डोक्यात टपली मारीत. आता त्याच पायऱ्यांना 'स्टेप कट' म्हणतात आणि मुली त्या मुद्दाम पैसे मोजून पाडून घेतात!

मग रंगांचे प्रकरण निघाले. काळ्याभोर केसाला १ आणि अगदी फिकट सोनेरी केसाला १०, अशी गडदपणाची पायरी, ती 'लेव्हल'. नळीवर ५.३ असे लिहिलेले असते. टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणाचा, नंतरचा छटेचा. रंगात मिसळायच्या द्रवाला 'डेव्हलपर' म्हणतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइड. '२० व्हॉल्यूम' म्हणजे सहा टक्क्यांचे, '४०' म्हणजे बारा टक्क्यांचे. व्हॉल्यूम अशासाठी की त्या एक माप द्रवातून वीस किंवा चाळीस मापे प्राणवायू सुटतो. वाटीतला तो फिकट लगदा अमोनियाने फुगलेल्या केसाच्या आत शिरतो, तिथे प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि रंगाचे कण मोठे होऊन आतच अडकून बसतात. म्हणून तो रंग धुण्याने सहज जात नाही. पॅरिसच्या यूजीन शूलेर या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली असा कृत्रिम केशरंग तयार केला, आणि म्हातारपणाने जगभर माघार घेतली!

"केस फिका करताना नारिंगी झाला तर त्यावर कोणती छटा द्यायची, हे मात्र डोक्यात राहत नाही," तो म्हणाला.

मी कागदावर रंगचक्र काढले. नारिंगीच्या समोर निळा, पिवळ्याच्या समोर जांभळा, तांबड्याच्या समोर हिरवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. "निळी छटा," तो एकदम म्हणाला, "आणि पिवळटपणाला जांभळी! सर, हे तुम्ही आठवीत शिकवलं होतं."

मला बरे वाटले. इतके बरे वाटले की माझ्यातला मराठी कादंबरीकार जागा झाला. मी म्हणालो, "अरे, नानांकडे इतके नेमके शब्द आहेत. मग हे परके शब्द घोकायचा अट्टाहास का? आपल्या भाषेत याला..."

"आपल्या भाषेत याला हजामत म्हणतात, सर," तो शांतपणे म्हणाला.

आवाजात राग नव्हता. वहीत मान घालून तो ओळीखाली रेघ मारीत होता. पण माझ्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

आठवीचा वर्ग. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा हा चित्राचा विषय. मी फळ्यावर पालखी काढली आणि शिवा काशीदची कथा सांगितली. महाराजांचा वेष घेऊन तो पालखीत बसला आणि सिद्दी जौहरच्या छावणीत हसत मरणाला सामोरा गेला. सांगताना माझा गळा दाटून आला. "जातीने नाभिक, पण केवढं काळीज!" असे मी म्हणालो. 'पण' म्हणालो! आणि पाचच मिनिटांनी मला दिसले की तिसऱ्या बाकावरच्या या मुलाने रंगपेटी आणलेली नाही. मी ओरडलो, "रंगपेटी नाही? मग उद्यापासून बापाची धोकटीच घेऊन ये. नाही तरी इथं हजामतच करतोस!" वर्ग हसला. मीही हसलो. त्याने मान खाली घातली, आणि पुढे शाळा सोडीपर्यंत माझ्या तासाला ती पुन्हा वर झाली नाही.

वाचकहो, आपण या शब्दांचे काय करून ठेवले आहे पाहा. कुणी लुबाडले की त्याने बिनपाण्याने केली. कुणी वेळ फुकट घालवला की तो हजामती करीत बसला. संत सेना न्हाव्यांनी ज्या आरशाला आणि चिमट्याला अभंगात नेऊन बसवले, ती धोकटी आम्ही शिवीत आणून टाकली. आमच्या घराघरांतून विधवांचे केशवपन चालत होते, तेव्हा १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून ते काम करायचे नाकारले. नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. पुस्तके वाचणाऱ्यांना जे सुचले तरी करवत नव्हते, ते वस्तरा धरणाऱ्या हातांनी करून दाखवले. आणि त्यांच्या पणतवंडांनी दुकानावर परकी पाटी लावली की मायमराठीच्या नावाने गळा काढायला पुन्हा आम्हीच पुढे! तो मुलगा कोल्हापूरहून नुसते शब्द आणत नव्हता. ज्यांना अजून कुणी हसलेले नाही असे शब्द आणत होता.

हे सारे मला त्या क्षणी त्याला सांगता आले असते. पण चुकलो म्हणायची सवय आम्हा मास्तरांना नसते. ती आम्ही मुलांना लावतो. मी एवढेच विचारले, "प्रॅक्टिकलचं काय?"

"पांढऱ्या केसांचं एक डोकं हवंय. नानांना टक्कल आहे."

मी माझे डोके पुढे केले. त्याने लगेच रंग लावला नाही. रंगातले एक द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही, म्हणून कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहायची; त्याला 'पॅच टेस्ट' म्हणतात. ते अठ्ठेचाळीस तास मी सारखा कानामागे हात लावून पाहत होतो. कातडीला काही झाले नाही. खाज होती, ती दुसरीकडे.

तिसऱ्या दिवशी नानांच्या दुकानात, नानांच्या खुर्चीत मी बसलो. नाना बाकावर बसून पाहत होते. मी म्हणालो, "चांगला काळाभोर कर." तो म्हणाला, "एक नंबर नको, सर. या वयात चेहरा कठीण दिसतो. तीन नंबर लावतो, आणि कानशिलांवर थोडे पांढरे राहू देतो. सगळं झाकू नये."

मग त्याने मागून दोन बोटे टेकवली. "मान खाली घ्या, सर."

मान खाली गेल्यावर समोरचा आरसा दिसेनासा होतो. आरसा नसला की बोलणे सोपे जाते. मी म्हणालो, "आठवीत मी तुला जे बोललो ना... ते मी बोलायला नको होतं. माझं चुकलं."

कात्री थांबली. बाकावर नानांचे वर्तमानपत्र सळसळले आणि तेही थांबले. मग मानेवर पुन्हा कंगव्याचे दात टेकले आणि आवाज आला, "हलू नका सर, कल्ला वरखाली होईल."

एवढेच. क्षमा केली की नाही, मला कळले नाही. विचारायचे धैर्यही झाले नाही. पहिल्या आंघोळीच्या पहाटे बायकोने डोक्याला तेल लावताना "तीन-चार वर्षांनी लहान दिसताय!" असे प्रशस्तिपत्रक दिले, आणि मी ते नेऊन त्याला सांगितले. तो म्हणाला, "पण सर, केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. मुळाशी पांढरं दिसायला लागेल. एकदा लावून भागत नाही. महिन्या-दीड महिन्यानं यावं लागेल."

त्यालाही वहीत शब्द आहे, 'रूट टच-अप'. तेव्हापासून मी नेमाने जातो. नाना बाकावर सरकून जागा देतात. खुर्ची रिकामी झाली की मी बसतो, आणि त्याने सांगायच्या आधीच मान खाली घालतो.