पाण्याकडचे दार

सन २०२३च्या नोव्हेंबरात व्हेनिस नगरीतील एका आलिशान हॉटेलात चार रात्री राहण्याचा योग आला. योग म्हणतो खरा, परंतु त्यामागे माझ्या मुलाचा हेतू होता. तो नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. अंत्रुजातील आमचे वडिलार्जित घर हॉटेलासाठी दीर्घ मुदतीने द्यावे, असे तो वर्षभर सुचवीत होता आणि मी वर्षभर विषय टाळीत होतो. त्या घरात आता मी व माझी वडील बहीण अशी दोघेच उरलो आहोत. अखेर तो म्हणाला, "बाबा, जुन्या वाड्याचे हॉटेल कसे असते ते एकदा राहून पाहा, मग खुशाल नाही म्हणा."

आमची होडी थेट हॉटेलाच्या दारात लागली. व्हेनिसच्या जुन्या वाड्यांना दोन दारे असतात, एक गल्लीकडचे व एक पाण्याकडचे. मान पाण्याकडच्या दाराचा. सावकारीच्या काळात माल याच दाराने तळमजल्याच्या कोठारात उतरे आणि घरची मंडळी माडीवर राहत. आज त्याच पायऱ्यांवर प्रवाशांच्या पेट्या उतरतात. माडीवरचा लांबलचक दिवाणखाना, भिंतींवरचे रेशीम, मुरानो बेटावरच्या काचेची झुंबरे, सारेच डोळे दिपविणारे होते. मला मात्र तेथील जमीन सर्वांत आवडली. संगमरवराचे बारीक तुकडे चुन्यात ठोकून ती घोटलेली असते. हे शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभे असल्यामुळे भिंती थोड्याफार खचावयाच्याच. अशी जमीन त्याबरोबर किंचित लवते, एकदम भंगत नाही. आमच्या घरची लाल फरशी तेवढी समजूतदार नाही.

सवयीने मी देवघर कोठे असावे ते शोधू लागलो. स्वागतकक्षातील वयस्क कारकुनाला विचारले, तेव्हा त्याने जिन्याखालची एक खोली संकोचाने उघडून दाखविली. मूळच्या कुटुंबाची प्रार्थना तेथे होत असे. आत पाहुण्यांसाठी रबरी बुटांचे जोड ओळीने मांडले होते. भरतीचे पाणी शहरात शिरे तेव्हा ते लागत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले होते आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७पर्यंत. ३ ऑक्टोबर २०२०पासून समुद्राच्या मुखाशी लोखंडी दरवाजे उभारून भरती अडवितात, त्यामुळे बुटांचे काम पुष्कळ कमी झाले. खोली मात्र बुटांकडेच राहिली.

मी मुलाकडे पाहिले. तो झुंबराकडे पाहत होता.

पहाटे खिडकी उघडली तर मोटारीचा आवाज नाही की कर्णा नाही, नुसते पाणी पायऱ्यांना चाटत होते. मग धुलाईच्या गाठोड्यांची एक बोट गेली, तिच्यामागून कचऱ्याची. चहा उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु समोरच्या घरांच्या खिडक्या तीन दिवसांत एकदाही उघडल्या नाहीत. रिआल्तो पुलाजवळ एका औषधविक्रेत्याने आपल्या काचेत शहराच्या रहिवाशांची संख्या दाखविणारी पाटी २००८ सालापासून लावली आहे. १९५१ साली येथे पावणेदोन लाखांच्या घरात वस्ती होती. मी पाहिला तो आकडा पन्नास हजारांच्या खालचा होता.

२१ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या कार्तिक शुद्ध नवमीला, तेथे मोठा उत्सव होता. १६३०-३१च्या महामारीत या शहरातील सुमारे ४६,००० माणसे दगावली. रोग हटावा म्हणून राज्यसभेने आरोग्यदात्री मातेचे देऊळ बांधण्याचा नवस केला. लोंगेना नावाच्या स्थपतीचे ते काम १६८७ साली पुरे झाले, पण पाहावयास तो उरला नव्हता. वेदीवरची मातेची प्रतिमा मूळची येथील नव्हे. १६६९ साली क्रीट बेटावरील कांडिया तुर्कांच्या हाती गेले, त्यानंतर ती समुद्रमार्गे येथे आणण्यात आली. हे ऐकताच मी थबकलो. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा याच रीतीने, रातोरात नदी ओलांडून आमच्या अंत्रुजात आली ना!

त्या दिवशी महाकालव्यावर तात्पुरता तरता पूल घालतात आणि माणसे हातात पांढऱ्या मेणबत्त्या घेऊन दर्शनाला जातात. (प्रसादाचे भोजन म्हणून खारविलेले मटण व कोबी शिजवितात, हे कळल्यावर आम्ही पावावर भागविले.) गर्दीत आमचे कारकूनमहाशय भेटले. त्यांच्या आजीचे घर शहरातच होते. ते स्वतः समुद्रापलीकडे मेस्त्रे येथे राहतात. "राहणे परवडत नाही, पण आजचा दिवस चुकवीत नाही," ते म्हणाले. मुंबईहून जत्रेपुरते येणारे आमचे महाजन मला आठवले, आणि माझा मुलगाही.

परतताना तरत्या पुलावर मी त्याला म्हटले, "पाहुण्यांची पादत्राणे कोठे ठेवावयाची, ते करारात लिहिता येईल काय?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तेवढे येईल, बाबा. पण तुमच्या मागे देवापुढे दिवा कोण लावणार, ते कोणत्या कराराने लिहिता येईल? हॉटेल झाले नाही तर घर बंदच राहणार आहे."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. समोरच्या खिडक्या मीही पाहिल्या होत्या.

त्रिपुरारी पौर्णिमेला मी घरी पोचलो होतो. साखळीला वाळवंटीच्या पात्रात त्या रात्री नावा सोडतात. पूर्वी आम्ही भावंडे हटकून जात असू. यंदा बहिणीचे गुडघे चालेनात, म्हणून तुळशीपाशीच पणत्या लावल्या. कराराचा मसुदा मुलाने पाठविला आहे. देवघर व त्याची चावी घरच्या माणसाकडे राहील असे एक कलम त्याने स्वतः त्यात घातले आहे. घरचे माणूस कोण, ती जागा कोरी आहे.