पेशींचा शेजारधर्म

"हे आपल्या रक्तातच असेल का रे?" आईनं मागच्या वर्षी विचारलं. तिच्या आईला, माझ्या आजीला, अल्झायमर आहे. सकाळी चहा घेतल्याचं आजीला आठवत नाही, पण माहेरच्या गाईंची नावं पाठ आहेत. नव्या आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. या आजारात तो फार लवकर पोखरला जातो. तो मुळात घडतो कसा, हे मी तेव्हापासून वाचतोय.

दिवसभर कोड लिहिणाऱ्याला जीन ओळखीचे वाटतात. चार अक्षरांची भाषा, लांबलचक फाइल, रन केली की माणूस तयार. पण हिप्पोकॅम्पसची गोष्ट इतकी सरळ नाही.

कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. उंदराच्या गर्भात मेंदू आकार घेत असताना त्याच्या कडेला पेशींची एक पट्टी असते, साडीच्या काठासारखी. हा काठ रासायनिक निरोप सोडतो. तो ऐकून शेजारच्या पेशी हिप्पोकॅम्पस घडवतात. काठ कुणी व्हायचं आणि शेजारी कुणी, हे अगदी सुरुवातीला एलएचएक्स२ हा जीन ठरवतो. पेशींच्या काही बेटांमधून त्यांनी तो काढून टाकला. ती बेटं स्वतःच काठ बनली आणि त्यांच्याभोवती जास्तीचे हिप्पोकॅम्पस तयार झाले. ते घडवणाऱ्या पेशींचे जीन शाबूत होते. बदलला होता फक्त शेजार.

२०११ साली त्यांच्याच गटानं दाखवलं की, पुढच्या टप्प्यावर हाच जीन वेगळं काम करतो. हिप्पोकॅम्पसच्या मूळ पेशी आधी न्यूरॉन बनवतात, मग त्यांना साथ देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी. एलएचएक्स२ काढला, तर न्यूरॉनच्या वेळेलाच अ‍ॅस्ट्रोसाइट तयार होतात. तो जास्त काळ चालू ठेवला, तर न्यूरॉनच बनत राहतात. फंक्शन एकच, पण ते कधी आणि कुठे कॉल झालं यावर उत्तर बदलतं.

आजीचा आजार या जीनमुळे झाला, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण आईच्या प्रश्नाकडे बघायची माझी नजर यामुळे बदलली. जीन म्हणजे जन्मपत्रिका नाही. एपीओई४ हा जीनचा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, तरी तो असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो.

हे सगळं मी आईला समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"नाही."

"मग टेस्ट करून काय कळणार?"

"धोका किती, एवढंच."

ती म्हणते, तेवढं तरी कळू दे. मी म्हणतो, थांबू. आमचं अजून ठरलेलं नाही.