एका तंबोऱ्याची चार रूपं

एकच चाळणी घरात तीनदा आणली जाते ना, तसंच संगणकातही होतं बघा. आमचा धाकटा ॲपलच्या लॅपटॉपवर गाणी बसवतो. जागा संपली म्हणून शोधाशोध केली, तर एकच तंबोरा आत चार रूपांत बसलेला: व्हीएसटी २, व्हीएसटी ३, एयू आणि एएएक्स. सूर तोच, पण प्रत्येक प्रोग्रॅमला आपापलं रूप लागतं. लॉजिक प्रोला एयू, प्रो टूल्सला एएएक्स. वाद्य बसवताना चौघांवरही आधीच खूण असते, आणि आपण नुसतं ‘पुढे’ दाबत जातो.

हा वापरतो एबलटन लाइव्ह. त्यात एएएक्स चालतच नाही, म्हणून ते सगळ्या वाद्यांचं काढलं. मग जुन्या व्हीएसटी २ कडे वळला. मी म्हटलं, “थांब रे, आजीची ओवी कशावर केली होतीस?” उघडून बघितलं, तर तिथला तंबोरा व्हीएसटी २ चाच! तो गेला असता तर सासूबाईंचा आवाज राहिला असता, मागचा सूर मात्र मुका झाला असता. आज त्या नाहीत. पुन्हा गाऊन कोण देणार? तो तंबोरा ठेवला.

तेव्हा बायांनो, मुलांना एवढं सांगा: आधी जुनी गाणी उघडून बघा, मग काढा. नवीन वाद्य बसवताना नको त्या रूपाची खूण तिथंच काढा. आणि वाद्यांच्या मूळ आवाजांच्या फाइली बहुधा सगळ्या रूपांना सामाईक असतात, त्यांना हात लावू नका.