धूर नसलेल्या गाडीतला खोकला



आज पुस्तकातला धडा नाही. घरात घडलेली एक गोष्ट सांगते. त्यात चूक माझी आहे आणि ती दाखवून दिली माझ्याच वर्गातल्या एका मुलानं.

आम्ही विष्णुपुरीला राहतो. इकडं विद्यापीठ, तिकडं अभियांत्रिकी महाविद्यालय, खाली गोदावरीवरचं धरण. दोन वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझं माहेर अहमदपूरला. लातूर रस्त्यानं लोहा ओलांडून जायचं, साधारण सव्वा तास. गाडीला धूर नाही, आवाज नाही. वर्गात हवेचं प्रदूषण शिकवताना मी आमच्याच गाडीचं उदाहरण द्यायची. थोडा तोराही होता, खोटं कशाला बोलू!

माझी लेक सहावीत आहे. तिला दम्याचा त्रास आहे, पंप घ्यावा लागतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास गाडीत बसलं की तिला खोकला सुरू व्हायचा. ती म्हणायची, "आई, काच खाली घेऊ का? आत कोंदट वास यायलाय."

सोयाबीनची मळणी चालू होती, रस्त्याकडेला भुसा उडत होता. मी म्हणायची, "बाहेर धूळ आहे. आत एसीची स्वच्छ हवा आहे. गप बस, नाटक करू नको."

ती गप बसायची. खोकला काही गप बसत नव्हता.

एक दिवस सातवीच्या वर्गात हाच विषय निघाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील गॅरेजमध्ये काम करतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारं पोरगं.

"मॅडम, तुमच्या गाडीचा एसीचा फिल्टर बदलला का?"

मी म्हटलं, "अरे, इलेक्ट्रिक गाडीला कुठला आला फिल्टर? इंजिनच नाही तिला."

वर्ग हसला. तो मात्र ठाम होता. "इंजिनाचा नसतो मॅडम. माणसाचा असतो की."

त्या दिवशी घरी येऊन गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. पोरगं बरोबर होतं. इंजिन ऑइल, ऑइलचा फिल्टर, इंजिनाचा एअर फिल्टर या गाडीत नसतात. पण आत बसणाऱ्यांसाठी येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर असतो. सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांत त्याची ओळच नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तो कुठं असतो? बहुतेक गाड्यांत चालकाच्या शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यामागं, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समागं. काही गाड्यांत पायाजवळच्या आवरणाआड, तर काहींत बॉनेटखाली वायपरच्या बाजूला. म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका आधी बघायची. आमचा कप्प्यामागं होता. लेकीला टॉर्च धरायला बोलावलं.

गाडी पूर्ण बंद केली. कप्पा रिकामा केला. त्याच्या दोन्ही बाजू हातानं आत दाबल्या, तसा तो खाली लोंबला. बाजूची छोटी दोरी अलगद सोडवली. मागं प्लास्टिकचं अरुंद झाकण, त्याला दोन टोकांना खटके. खटके दाबून झाकण काढलं आणि घडीघडीचा फिल्टर ओढला.

नवा असताना तो पांढरा असतो. आमचा काळपट मातकट झाला होता. घड्यांत आपल्या काळ्या मातीचा थर, भुसा आणि लिंबाची वाळलेली पानं. गाडी आम्ही अंगणातल्या लिंबाखालीच चार्जिंगला लावतो. समोरच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते, तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. बारका पाला तिथूनच गेला असणार. त्यावर पावसाळ्यातली ओल, म्हणजे वास आलाच.

लेक त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आई, म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?"

काय उत्तर देणार? "नाही बाळा, माझंच चुकलं," एवढंच म्हणाले.

आता जरा विज्ञान. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती १५ सुचवली. फिल्टरचं कापड चाळणीसारखं नुसतं छिद्रांवर चालत नाही. बऱ्याच फिल्टरच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो, तो बारीक कणांना धरून ठेवतो. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो ना, तसंच! म्हणून फिल्टर धुऊन परत बसवू नये. पाण्यानं तो भार जातो, कापडही बिघडतं. काही फिल्टरांत वास शोषणारा कार्बनचा थर असतो, तोही धुऊन नवा होत नाही.

नवा फिल्टर काही शे रुपयांना मिळाला. बसवताना एकच गोष्ट जपायची. त्याच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. जुना काढतानाच बाण कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवायचं. आमच्याकडं ते काम लेकीनं केलं, वहीत चित्रच काढून ठेवलं. आतली जागा कोरड्या कपड्यानं पुसली, नवा सरकवला, झाकण लावलं, कप्पा चढवला. जेमतेम वीस मिनिटं.

इलेक्ट्रिक गाडी म्हणून भीती वाटते, तर एवढं लक्षात ठेवा: नारिंगी रंगाच्या तारा म्हणजे उच्च दाबाची वीज, त्यांना कधीच हात लावायचा नाही. कप्प्यामागच्या फिल्टरशी त्यांचा संबंध येत नाही. तरी आपल्या गाडीत तो सहज सापडला नाही, तर जबरदस्ती न करता मेकॅनिककडून करून घ्या. वर्षातून एकदा किंवा १५-२० हजार किलोमीटरनंतर बदला असं बऱ्याच पुस्तिकांत असतं. आपल्याकडच्या धुळीत मी आता पावसाळा संपला की आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडून बघते.

लेकीचा दमा गेला का? नाही. फिल्टर म्हणजे औषध नव्हे, तिचा पंप चालूच आहे. पण गाडीतला तो वास गेला, आणि अहमदपूरपर्यंत ती आता गाणी म्हणत जाते. त्याहून मोठं म्हणजे, तिला काही व्हायलंय असं ती म्हणाली की मी आधी ऐकते.

दुसऱ्या दिवशी जुना फिल्टर पिशवीत बंद करून वर्गात नेला आणि त्या मुलाला पुढं बोलावलं. पंधरा मिनिटं तोच शिकवत होता, मी मागच्या बाकावर बसले होते.

वर्गात करून पाहण्यासारखं: पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांना व्हॅसलीनचा पातळ थर लावा. एक वर्गात, एक झाडाखाली, एक रस्त्याकडेला दिवसभर ठेवा. संध्याकाळी भिंगातून कण मोजा. जे दिसतात ते जाड कण, अडीच मायक्रॉनचे तर दिसणारही नाहीत, हे मुलांना जरूर सांगा.

आणि पालकहो, या रविवारी गाडीचा तो कप्पा एकदा उघडा. टॉर्च धरायला पोरांनाच बोलवा.