‘क्लॉ’ की ‘क्रॉ’?

‘गेट स्मार्ट’ ही अमेरिकन विनोदी हेरमालिका एनबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६५ रोजी सुरू झाली. पहिला भाग मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांनी लिहिलेला, तोही कृष्णधवल. जेम्स बाँडनं लोकांना वेड लावलं होतं, शीतयुद्ध ऐन भरात होतं. अशा वेळी या दोघांनी मॅक्सवेल स्मार्ट नावाचा हेर उभा केला. नाव स्मार्ट, अक्कल बेताची, ऐट मात्र बाँडची.

पहिल्या भागात संगीताची मैफल चालू असताना फोन वाजतो. वाजतो कुठं, तर स्मार्टच्या बुटात! भर सभागृहातून गुप्तहेराला उठून बाहेर जावं लागतं. पुढं साहेबांच्या कचेरीत तर कहरच. गुप्त बोलणं बाहेर फुटू नये म्हणून दोघांच्या डोक्यांवर छतातून पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण उतरतं. ‘कोन ऑफ सायलेन्स’, म्हणजे खामोशीचा घुमट. त्यात बसल्यावर आतल्या दोघांनाच एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. राष्ट्राची गुपितं राहतात बाजूला, दोघं नुसते ओरडत बसतात.

हा प्रसंग मला फार आवडतो. हेरखात्याचा दरारा, संशयाचा तो सारा कारभार त्या झाकणाखाली केविलवाणा होऊन जातो. आधी एबीसी वाहिनीनं ही मालिका नाकारली होती. ब्रुक्सच्या सांगण्यानुसार त्यांना ती देशाविरुद्ध वाटली. सरकारी हेराला हसलं की देशाला हसलं, हा हिशेब आपल्या वाचकांना नव्यानं समजावून सांगायला नको. ब्रुक्स हा ब्रुकलिनचा यहुदी, दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून युरोपात गेलेला. १९६७च्या ‘द प्रोड्यूसर्स’मध्ये त्यानं हिटलरचीही टर उडवली. ज्याच्या हाती सत्ता, त्याला हसायचं, असा हा माणूस.

पण याच मालिकेच्या पहिल्या हंगामात ‘डिप्लोमॅट्स डॉटर’ नावाचा भाग आहे. त्यातला खलनायक आशियाई, हाताच्या जागी लोहचुंबक, म्हणून नाव ‘द क्लॉ’, पंजा. त्याच्या जिभेला ‘ल’ जमत नाही. तो स्वतःचं नाव ‘क्रॉ’ सांगतो. स्मार्ट त्याला ‘क्रॉ’ म्हणून हाक मारतो. मग तो चिडून दुरुस्ती करतो, ‘क्रॉ नव्हे, क्रॉ!’ हशा पिकतो. ही भूमिका केली होती लेनर्ड स्ट्राँग या गोऱ्या नटानं. कुणी म्हणेल, इथं हसं स्मार्टचंच होतं, त्यालाच कळत नाही. थोडंफार खरं आहे. तरी हसू फुटतं ते त्या जिभेवर. आणि ती जीभही उसनी, रंगवलेल्या चेहऱ्यामागची.

मला तिथं हसू येत नाही, याचं कारण ‘ळ’.

उर्दूच्या हरूफमध्ये ‘ळ’ नाही. मी उर्दू माध्यमात शिकवते. आमच्या मुलांची मराठी व्याकरणात कच्ची नसते, पण तोंडी ‘शाला’, ‘फला’, ‘काला’ येतं. (कोकणातल्या आमच्या मुसलमान भावंडांच्या बोलीत ‘ळ’ सहज असतो. म्हणजे हा मामला धर्माचा नाही, घरातल्या बोलीचा आहे.) दोन वर्षांपूर्वी एका वक्तृत्व स्पर्धेत आमची आठवीतली मुलगी सावित्रीबाईंवर बोलली. भाषण पाठ नव्हतं केलं, समजून केलं होतं. ‘मुलींची पहिली शाला’ म्हणाली आणि मागच्या रांगा खुदखुदल्या. निकाल सांगताना एका परीक्षकांनी मोठ्या प्रेमळपणे, ‘छान हं, शाला!’ असं म्हणून दाखवलं. हशा आणखी वाढला. पोरगी खाली बघत बसली.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. आमच्याकडे कुणी ‘ग़ज़ल’ऐवजी ‘गझल’ म्हटलं की ‘शीन-काफ दुरुस्त नाही’ म्हणून ओठाच्या कोपऱ्यातून हसतात. मराठी गझलेचा जुना आशिक असलेला माणूसही त्यातून सुटत नाही.

ब्रुक्स-हेन्रींचा तो घुमट मी मुलांना मोबाइलवर दाखवला. इंग्रजी फारसं न कळताही वर्ग लोटपोट झाला. दुसऱ्या दिवशी दोघी जणी एकच ओढणी डोक्यांवर घेऊन ‘काय? काय म्हणालीस?’ करत व्हरांड्यात फिरत होत्या. क्लॉचा भाग मात्र मी दाखवलेला नाही. दाखवायचा तर आधी बरंच बोलावं लागेल, आणि नववी-दहावीच्या मुलांशी बोलता येईलही.

ती मुलगी आता दहावीत आहे. यंदा तिनं स्पर्धेला पुन्हा नाव दिलंय. चार विषयांतून तिनं ‘माझी शाळा’ निवडला. मी विचारलं, ‘बेटा, पक्कं ना?’ म्हणाली, ‘टीचर, बाकीच्या तिन्हींत बोलण्यासारखं काही नाही.’