सभापतींच्या खुर्चीस अनावृत पत्र

माननीय सभापतींची खुर्ची,
गोवा विधानसभा, पर्वरी



मांडवीकाठी आदिलशहाच्या वाड्यात होतीस तेव्हापासूनची आपली ओळख, म्हणून एकेरीत लिहितो. रागावू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. चवथीला मुलं घरी आली होती. माटोळी अजून बांधून व्हायची होती, तोवर वाद पेटला. आमदार कोणी फोडले, मतदाराला कोणी फसवलं? एकाचं बोट भाजपकडे, दुसऱ्याचं काँग्रेसकडे. तुझं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. मला ते खटकलं.

तुझं सभागृह चाळीस जणांचं. एकवीस डोकी जमली की सरकार, त्यातली दोनतीन सरकली की ते गेलं. त्या दोनतिघांची आमदारकी राहते की जाते, हे ठरवायचं काम राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानं १९८५ साली तुझ्याकडे दिलं. इतक्या अटीतटीच्या घरात तू नुसती गप्प बसलीस, तरी कोणाचं तरी सरकार तरतं. तुझा उशीर हाही निकालच असतो, बाई.

१९९० साल आठवतं? आदल्या निवडणुकीत काँग्रेसचे २०, महाराष्ट्रवादी गोमंतकचे १८ आणि दोन अपक्ष निवडून आले होते. तुझ्यावर बसलेले लुईस प्रोतो बार्बोझाच काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच डिसेंबरात तुझ्यावर आलेल्या सुरेंद्र सिरसाटांनी त्यांना अपात्र ठरवलं. तेव्हा बाजारातल्या टिंटोवर माणसं तासन्‌तास भांडायची, आणि प्रत्येकाकडे दोष द्यायला समोरचा पक्ष तयार असायचा. आजही असतो. २०१७ मध्ये काँग्रेसच्या १७ जागा आल्या, भाजपच्या १३. तरी १६ मार्चला मनोहर पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वास जिंकला. काँग्रेसनं राज्यपालांना बोल लावला, भाजपनं काँग्रेसच्या ढिलाईला. त्यानंतर तुझ्यावर बसलेले प्रमोद सावंत पर्रीकरांच्या निधनानंतर, मार्च २०१९ मध्ये, थेट मुख्यमंत्री झाले.

मग १० जुलै २०१९. काँग्रेसच्या तोवर उरलेल्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्यांच्या अपात्रतेची याचिका तुझ्यासमोर आली. निकाल कधी लागला? २० एप्रिल २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीच्या आदल्या दिवशी. याचिका फेटाळली. दोनतृतीयांश आमदार गेले म्हणजे विलीनीकरण, हे तुझं म्हणणं पुढे उच्च न्यायालयानंही मान्य केलं, म्हणून त्या मुद्द्यावर मी तुझ्याशी भांडत नाही. पण उच्च न्यायालयाचा तो निकाल २४ फेब्रुवारी २०२२ चा, आणि नव्या विधानसभेचं मतदान १४ फेब्रुवारीलाच उरकलं होतं. सकाळचा बांगडा तिन्हीसांजेपर्यंत टोपलीत राहिला, तर त्याला कोण हात लावतं? तो निकाल उलटा लागला असता, तरी माझ्या मताची भरपाई कोणी केली असती?

त्याच निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिरात, खुरसापुढे आणि दर्ग्यात निष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. १४ सप्टेंबर २०२२ रोजी निवडून आलेल्या अकरापैकी आठ भाजपमध्ये निघून गेले. लोकांचा राग त्या आठांवर, आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्याविरुद्धची याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली गेली, याचा राग कोणाला आला? पुढे तो निकाल देणारे सभापती रमेश तवडकर आणि त्या आठांपैकी दिगंबर कामत, दोघांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच दिवशी मंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्या मनात काय होतं, हे मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी तुझ्याकडे पाहून मला फार वाईट वाटलं.

तुझे उपकार मी विसरलेलो नाही. स्वातंत्र्यसैनिक पां. पु. शिरोडकर तुझ्यावर पहिले बसले. विरोधी आमदाराचा अडचणीचा प्रश्न तू पुकारलास आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, असे दिवस मी ऐकले-पाहिले आहेत. म्हणूनच हक्कानं मागतो.

मणिपूरमधल्या एका पक्षबदलू मंत्र्याच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, आणि हे काम एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेनं करावा. मणिपूरच्या त्या मंत्र्याला दोनच महिन्यांनी न्यायालयानं पदावरून दूर केलं. तुला ती मुदत पाळवत नसेल, तर काम सोडून दे. त्यात कमीपणा नाही. आणि तोवर एवढं कर: याचिका आली की ती कधी आली, सुनावणी कधी आणि निकाल कधी, हे विधानसभेच्या दारावर लावून ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात. तुझ्यावर बसून असा निकाल देणाऱ्यानं त्याच विधानसभेच्या मुदतीत मंत्रिपद घेऊ नये, असा नियम सभागृहाकडून मागून घे. सत्ताधारी नाही म्हणाले तर विरोधकांना विचार, आणि विरोधक सत्तेत आले की त्यांना पुन्हा विचार.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा जुना स्नेही,
बार्देशातला एक मतदार